पाच वाजून दहा मिनिटांची शिट्टी

माझ्या दुकानात शिरलं की समोरच पाटी दिसते : ‘डब्याला शिट्टी घालू देऊ नका. शेजाऱ्यांना त्रास होतो.’ पाटी मीच रंगवली. एका गिऱ्हाइकाने मला तोंड वर करून विचारलं होतं, “डबा आमचा, शिट्टी आमच्या घरात, शेजाऱ्याचं काय जातं?” माझं डोकं फिरलं. त्याला स्टुलावर बसवून मी अर्धा तास शिकवणी घेतली आणि तो गेल्यावर ब्रश हातात घेतला.

गोष्ट साधी आहे. आमच्याकडचे बहुतेक रेडिओ एका व्हॉल्व्हचे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या एकाच काचेच्या नळीचे. लाकडी डबा, वर एरियलचा स्क्रू, पुढे दोन बटणं, कानाला हेडफोन. दुरून येणारा आवाज इतका मरतुकडा असतो की एका व्हॉल्व्हने तो कितीसा मोठा होणार? मग आम्ही एक युक्ती करतो. व्हॉल्व्हमधून मोठा होऊन निघालेला आवाज, त्यातला थोडा दुसऱ्या कॉइलमधून परत सुरुवातीला नेऊन सोडतो. तो मूळ आवाजात मिसळतो, पुन्हा मोठा होतो, त्यातला थोडा पुन्हा मागे. अशा फेऱ्यांनी एकटा व्हॉल्व्ह चौघांचं काम करतो. ही परतीची कॉइल कमीजास्त करायला डावं बटण. ते जितकं पुढे, तितकं दूरचं ऐकू येतं. माणूस मग हावरटासारखा पुढे पुढे जातो. पण एक जागा अशी येते की तिच्यापलीकडे डब्याला बाहेरच्या आवाजाची गरजच उरत नाही. तो आपलंच घेतो, आपलंच वाढवतो आणि शिट्टी घालत बसतो. त्या क्षणी एरियल उलटं चालायला लागतं. ऐकायचं सोडून बोलायला लागतं. पाच-सात गल्ल्यांमध्ये ज्याचा डबा त्याच लहरीवर लावलेला असेल त्याच्या कानात तुमची शिट्टी.

हे मी रोज दहा जणांना सांगतो. घसा बसेपर्यंत सांगतो. आणि सगळ्यांत मोठा गाढव मीच ठरलो.

माझा दादा जहाजावर बिनतारी यंत्र चालवायचा. ते आमच्या घराण्यातच होतं म्हणा. बाबा तीस वर्षं तारमास्तर होते. लहानपणी जेवायला बोलवायचं तर ते हाक मारत नसत, टेबलावर बोटाने तारेच्या लिपीत कट्ट-कड करत. दादा ते भराभर उचलायचा. मी घरातला ढ, मला अक्षरं जुळवायला वेळ लागायचा, तोवर भाजी संपलेली असायची. दादाची एक खूण होती, बाबांनीच ठरवून दिलेली : लांब, आखूड, लांब, लांब. दारावर तो तशीच टकटक करायचा.

शेवटच्या सफरीला निघताना दादा म्हणाला, “रोज संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी मी आपली खूण पाठवीन. जहाज लांब गेलं की ऐकू येणार नाही, पण ऐकत राहा.” पहिले सहा दिवस खूण आली. मग अंतर वाढलं, बंद झाली. त्याचं आम्हाला काही वाटलं नाही. तीन आठवड्यांनी कंपनीचा माणूस घरी आला. टोपी हातात धरून उभा राहिला, बसा म्हटलं तरी बसेना. जहाज कोणाच्याच हाकेला उत्तर देत नाही, वादळानंतर त्या भागात काही सापडलं नाही. तेवढंच सांगून गेला.

त्या दिवशी बाबा वहिनीला नाही नाही ते बोलले. म्हणाले, “तुला मोठं घर हवं होतं. लांबच्या जहाजावर तू धाडलंस त्याला.” खोटं होतं ते. लांबचं जहाज दादाने हट्टाने घेतलं होतं, वहिनी तर आठ दिवस त्याच्याशी बोलत नव्हती. पण बाबांना कोणावर तरी खापर फोडायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आपला डबा आणि एक ट्रंक घेऊन निघाली, आणि चार गल्ल्या पलीकडे धोबीखान्याच्या वरची खोली घेऊन राहिली. डबा दादाने तिच्यासाठी स्वतः जोडून जहाजाच्या लहरीवर लावून दिलेला होता, माझ्याच दुकानातले तुकडे पळवून.

आणि त्याच संध्याकाळी, पाच वाजून दहा मिनिटांनी, बाबांच्या कानात खूण आली.

मी दुकानातून घरी आलो तर बाबा हेडफोन दोन्ही हातांनी दाबून बसलेले. मला बोलू देईनात. एक कान त्यांनी माझ्याकडे दिला. बारीक पण स्वच्छ शिट्टी, मध्ये तुटणारी. लांब, आखूड, लांब, लांब. मग थोडं थांबून पुन्हा तेच. दहा मिनिटं चाललं आणि थांबलं.

जहाजाची खूण ऐकायची तर डबा शिट्टीच्या जागेपलीकडेच ठेवावा लागतो, नाहीतर नुसती फुसफुस ऐकू येते. म्हणून बाबांचा डबा मीच तसा लावून दिला होता. पाटी गिऱ्हाइकांसाठी, बाबांसाठी नव्हे.

“दुसरं कोणी असेल,” मी भीत भीत म्हणालो.

“हात त्याचा आहे,” बाबा म्हणाले. “शेवटच्या लांब ठोक्यावर रेंगाळतो बघ. बोट उचलवत नाही त्याला. तीस वर्षं हात ओळखण्यात गेली माझी. मला शिकवू नकोस.”

तारवाल्यांचं तसंच असतं. अक्षरं सगळ्यांची एकच, पण ठोकण्याची लकब ज्याची त्याची. खरं सांगायचं तर मला रडू फुटलं होतं. दादा कुठल्यातरी बेटावर, मोडक्या यंत्राशी बसलाय, संपत आलेल्या बॅटरीवर फक्त खूण पाठवण्याइतकी ताकद राहिलीय, हे सगळं मी पाच मिनिटांत रचून मोकळा झालो. आवाज इतका खणखणीत कसा, रोज सारखाच कसा, पावसापाण्याचा फरक का पडत नाही, हे प्रश्न मला पडायला हवे होते. पडले नाहीत असं नाही. मी म्हटलं, ही माझ्या कॉइलची करामत. चढून बसलो स्वतःच्याच कौतुकावर.

बाबांनी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की घरगुती डब्यावर इतक्या लांबचं ऐकू येणं शक्य नाही. बाबांनी ते पत्र फाडलं. मला बजावलं, “तिला यातलं एक अक्षर कळता कामा नये. तो आला की बघू.” मी मान हलवली. वहिनीकडे मी आठवड्यातून दोनदा सकाळी जायचो, तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघायचो, आणि भाऊ जिवंत असल्याची बातमी खिशात घेऊन परत यायचो. या एका गोष्टीबद्दल मी स्वतःला माफ करणार नाही.

असे छत्तीस दिवस गेले.

सदतिसाव्या दिवशी बाबांच्या डब्याची बॅटरी बसली. दुकानात दुसरी नव्हती, म्हणून मी ती चार्जिंगला टाकली; चार्जिंगवाले उद्या मिळेल म्हणाले. बाबा दिवसभर येरझाऱ्या घालत होते, तोंडाचा पट्टा चालू होता. पाच वाजायला आले तेव्हा मला ते घर सहन होईना. म्हटलं, वहिनीकडे जावं. त्या वेळेला मी तिच्याकडे कधीच गेलो नव्हतो.

दार उघडंच होतं. खालून इस्त्रीची वाफ वर येत होती. वहिनी डब्यापुढे बसलेली, हेडफोन लावून, आणि तिच्या उजव्या हाताचं बोट एरियलच्या स्क्रूवर. बोट उचलत होती, टेकवत होती. लांब, आखूड, लांब, लांब.

मी दारातच उभा राहिलो.

तिने मला बघितलं आणि चोरी पकडल्यासारखा हात मागे घेतला. मग म्हणाली, “रागावू नका, भावजी. तुमची पाटी माहीत आहे मला. त्यांनीच सांगितलं होतं, शिट्टी वाजत असली की डबा बोलतो, स्क्रूवर बोट ठेवलं की गप्प होतो. म्हणाले, भावजींना सांगू नकोस, ओरडतील. मी रोज हाक मारते त्यांना.” तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. “आणि ते येतात. खूण नाही पाठवत, नुसती शिट्टी येते. मी हाक मारली की ती वरखाली होते, जवळ येते. छत्तीस दिवस आले. आज नाही आले. आज पहिल्यांदाच नाही आले!”

मी तिच्या कॉटवर बसलो. बाबा रोज संध्याकाळी डब्याचं बटण मिलिमीटर-मिलिमीटर फिरवत दादाचा माग काढायचे, तेव्हा त्यांची शिट्टी वरखाली व्हायची. इथे ती वहिनीच्या कानात जवळ यायची. वहिनीची खूण तिथे बाबांच्या कानात वाजायची. माझ्या पाटीवर जे लिहिलं होतं तेच, अक्षरशः तेच, माझ्या दोन घरांत चालू होतं.

“तुम्हाला हे ठोकायला कोणी शिकवलं?” मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

“त्यांनीच. हिवाळाभर टेबलावर बोटं आपटून घेतली माझ्याकडून. शेवटचं लांब असं ओढायचं, म्हणायचे, नाहीतर माझी खूण वाटत नाही.”

मी तिला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी बॅटरी आली, बाबांनी डबा लावला, खूण आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीकडे गेलो तर ती हसत होती. किती दिवसांनी हसली! “काल आले,” म्हणाली. मला आणखी पुरावा नको होता.

बाबांना मात्र मी सांगितलं. वाटलं, म्हाताऱ्या माणसाला किती दिवस फसवायचं? त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“पण हात त्याचा होता,” शेवटी म्हणाले.

“तिला त्यानेच शिकवलंय, बाबा.”

“आणि त्याला मी,” बाबा म्हणाले. मग बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. त्यांनी हेडफोनची वायर गुंडाळली, डब्यावर ठेवली. त्या दिवशी पाच वाजून दहा मिनिटांनी ते खिडकीशी उभे होते. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही.

वहिनीलाही सांगायचं मी रोज ठरवत होतो. आज जाऊ, उद्या जाऊ. शेपूट घातलं मी, दुसरा शब्द नाही.

चौथ्या दिवशी दुपारी वहिनीच आमच्या दारात आली. केस विंचरलेले नाहीत, चपला दोन वेगवेगळ्या. बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली. त्या भांडणानंतर दोघं पहिल्यांदाच एकमेकांपुढे.

“ते गेले,” ती म्हणाली. “सोमवारी. सोमवारपासून शिट्टी आलेली नाही.” आणि मग एकदम ओरडली, “सोमवारपर्यंत जिवंत होते, बाबा! सदतीस दिवस मला हाका मारत होते, आणि मी ते स्वतःजवळ ठेवलं. कोणाला सांगितलं नाही. लोक वेडी म्हणतील म्हणून नाही सांगितलं. सांगितलं असतं तर कोणी शोधायला गेलं असतं. मी मारलं त्यांना. तुम्ही म्हणाला होतात ते खरं होतं.”

बाबा खुर्चीतून उठले. मग त्यांनी तिचे दोन्ही खांदे धरले. “पोरी, तो मी होतो,” म्हणाले. “ती शिट्टी माझ्या डब्याची. तू ठोकायचीस ते मी ऐकायचो. तो त्यात कधीच नव्हता. तू कोणाला मारलं नाहीस.”

मीही सांगितलं. कॉइल, परतीचा आवाज, बॅटरी, सगळं. आयुष्यात मी इतकं चांगलं समजावून कोणाला सांगितलं नसेल. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू एक कीव आली. आमची कीव!

“तुम्ही दोघं किती चांगले आहात,” ती म्हणाली. “मला बरं वाटावं म्हणून रचलंत ना हे?”

“अहो वहिनी, देवाशपथ!” मी म्हणालो.

“बाबांनी मला तोंडावर सांगितलं होतं की मी त्यांना धाडलं. आज ते माझी समजूत घालतायत. एवढंच मला पुरे आहे, भावजी.”

ती निघायला लागली. खोलीवर जाऊन ती काय करेल, याचा मला भरवसा वाटेना. बाबांनाही वाटला नसावा, कारण त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, “तू तिच्याबरोबर जा. मी इथून पाठवतो. स्क्रूवर बोट कसं ठेवायचं दाखव मला. मी स्पष्ट अक्षरांत पाठवतो, म्हणजे तिची खात्री पटेल.” तारमास्तर होते ते. मजकूर त्यांनी तिथेच ठरवला, एकही शब्द जास्त न वापरता : मी आहे. बाबा. तो नाही.

मला तो बेत पसंत पडला. यात काही चुकण्यासारखं दिसलं नाही.

पाचला आम्ही वहिनीच्या खोलीत डब्यापुढे बसलो. ती आधी तयार नव्हती. मी हातापाया पडलो. हेडफोनचा एक कान तिच्याकडे, एक माझ्याकडे. डाव्या बटणाने मी परतीची कॉइल पुढे नेली, डबा त्या जागेपलीकडे गेला. नुसती फुसफुस, कारण दुसरीकडून काही आलं तरच कानात शिट्टी उमटते. तिने डोळे मिटले होते.

पाच वाजून दहा मिनिटांनी शिट्टी आली.

तिने माझं मनगट पकडलं. नखं रुतली. “बाबा आहेत,” मी म्हणालो. “आता अक्षरं येतील, ऐका.” शिट्टी तुटली, पुन्हा आली, पुन्हा तुटली. बाबा ठोकत होते. इतक्या वर्षांनी ठोकत होते, पण हात तसाच होता. प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या लांब ठोक्यावर रेंगाळणारा, बोट उचलवत नसल्यासारखा. मला अक्षरं जुळवायला नेहमीसारखा वेळ लागला. तिला नाही लागला.

“मी,” ती पुटपुटली. “मी आहे.”

तिने डोळे उघडले. असा चेहरा मी तिच्या लग्नातही बघितला नव्हता.

“हात त्यांचाच आहे, भावजी,” ती म्हणाली, आणि तिचं बोट स्क्रूवर गेलं.

माझ्या कानात शिट्टी मेली. स्क्रूवर बोट असलं की डबा मुका होतो. ती बोट उचलत होती, टेकवत होती, लांब, आखूड, लांब, लांब, आणि उचललेल्या तेवढ्या क्षणांत तिकडची अक्षरं तुकड्यातुकड्यांनी येऊन तिच्याच खुणेत मिसळून जात होती. चार गल्ल्या पलीकडे एक म्हातारा स्क्रूवर बोट आपटून तो नाही, तो नाही म्हणत होता. त्याचाही डबा मुका होता. त्यालाही काही ऐकू येत नव्हतं.

मला फक्त तिचं बोट उचलून बाजूला करायचं होतं. दोन मिनिटं ते धरून ठेवायचं होतं, बस. मी हात पुढेही केला. ती हसत होती आणि रडत होती आणि ठोकत होती, आणि तिने मान वर करून मला विचारलं, “येताहेत ना हो?”

मी म्हणालो, “हो.”